पट्टा निऱ्यांवर बांधता आला पाहिजे

कमरेला पट्टा, दोन्ही खुब्यांपाशी एकेक छोटी मोटर आणि मांड्यांभोवती पट्ट्या. म्हातारपणी चालायला मदत करणारं अंगावरचं यंत्र साधारण असं असतं. मांडी किती पुढे आली हे संवेदक टिपतो आणि पाऊल उचलताना मोटर मांडीला हलका रेटा देते. होंडा कंपनीनं याचं संशोधन १९९९ सालीच सुरू केलं होतं. तरी अशा यंत्राचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सवय लागली की पाय आळसावतील." पण पाय आळसावतात ते न चालल्यानं. गुडघा दुखतो म्हणून भाजीला जाणं सुटतं, मग देवळात जाणं, आणि पुढे गॅलरीपर्यंतचं अंतरही लांब वाटू लागतं. यंत्र माणसाला उचलून नेत नाही. हार्वर्डमध्ये बनवलेल्या, चड्डीसारख्या घालायच्या यंत्राच्या २०१९ सालच्या चाचणीत चालण्याची शक्ती वाचली ९.३ टक्के. म्हणजे नव्वद टक्के कष्ट पायांनीच केले! ती चाचणी सुदृढ माणसांवरची होती, सत्तरीच्या गुडघ्यांवरची नव्हे, हे कबूल. व्यायामानं वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असा भक्कम पुरावा आहे. या यंत्रांच्या बाजूनं त्या तोडीचा पुरावा अजून नाही. म्हणून व्यायाम सोडून यंत्र घ्या असं कोणी सांगत असेल तर तो विक्रेता समजावा. ज्याला व्यायामापुरतंही चालवत नाही त्याला चालतं करणं, एवढाच या यंत्राचा दावा असावा, आणि तो लहान नाही.

किमतीच्या आक्षेपात एक गल्लत असते. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला उभं करणारा अख्खा सांगाडा वेगळा; अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं २०२४ मध्ये त्याचे सुमारे ९१ हजार डॉलर ठरवले. तो आकडा कमरेच्या पट्ट्याला चिकटवणं म्हणजे सायकलीचा भाव विचारणाऱ्याला ट्रकचं बिल दाखवणं. २०१५ मध्ये तर मोटर आणि बॅटरीशिवाय, नुसत्या स्प्रिंगवर घोट्याला मदत करून चालण्याची सुमारे ७ टक्के शक्ती वाचवून दाखवली गेली. तरीही यंत्र महागच राहील, हे मान्य. मग ते घरोघरी विकत का घ्यायचं? फिजिओथेरपीच्या केंद्रात चार यंत्रं ठेवावीत, आठवड्याच्या भाड्यानं द्यावीत. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब वृद्धांना काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या मिळतात. त्या यादीला आणखी एक ओळ जोडता येणार नाही असं नाही.

"आधी फुटपाथ धड करा" हा आक्षेप मात्र खरा वजनदार. वडोदऱ्यात अकोटा आणि दांडिया बाजार यांना जोडणाऱ्या पुलावर सौर पॅनेलांचं छत आहे. वीज होते, खाली सावलीही पडते. पण पुलाच्या दोन्ही टोकांना रस्ता ओलांडताना थबकलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोटरचा रेटा काय कामाचा? एवढं मान्य करूनही निष्कर्ष मान्य नाही. फुटपाथ कितीही गुळगुळीत केला तरी तो जुन्या घराचा उभा जिना चढून वर येत नाही. सयाजीराव नगरगृहात नाटकाला जायचं तर आधी घराचा उंबरा ओलांडावा लागतो. आणि फुटपाथावर म्हातारी माणसं दिसतच नसतील तर महापालिकेकडे तो मागणार कोण? घरात बसलेल्यांची तक्रार वॉर्ड ऑफिसात पोचत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो या यंत्रांच्या कैवाऱ्यांनीच घ्यायला हवा. ही यंत्रं पँट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या देहासाठी घडलेली आहेत. नऊवारीवर मांडीची पट्टी कुठे आवळायची? पाचवारीच्या निऱ्या पट्टीत अडकल्या तर मदत करणारं यंत्रच पाडेल. धोतराचंही तेच. खुब्यावरची मोटर घेऊन देवापुढे मांडी कशी घालायची, घाईच्या वेळी बक्कल कोण सोडणार? १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे असाच प्रश्न होता. परदेशी कृत्रिम पाय बूट घालणाऱ्यांचा होता. त्यानं उकिडवं बसता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. त्यांनी माणसाची बैठक बदलली नाही, रबर आणि लाकूड हाताशी घेऊन पाय बदलला. कमरेच्या पट्ट्यालाही हीच परीक्षा लावावी: लुगड्यावर बांधता येतो का, एका हातानं सुटतो का, पाटावर बसू देतो का. आणि ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर नको, दांडिया बाजारातल्या जिन्यावर हवी. खाली उतरून, पूल ओलांडून, अकोट्यातून भाजीची पिशवी घेऊन परत वर येईपर्यंत.