हिशेब मागणारा वैरी नसतो

मंडळाच्या आमसभेत कुणी उठून "मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवा" असे म्हटले की काय होते, ते वाचकांना सांगायला नको. व्यासपीठावर चुळबुळ सुरू होते. एखादे ज्येष्ठ म्हणतात, "भाऊ, घरातली गोष्ट आहे, नंतर बसून बोलू." तेवढ्यात चहा येतो. नंतर कुणी बसत नाही आणि कुणी बोलत नाही. विचारणाऱ्याच्या कपाळी मात्र 'कटकट्या' हा शिक्का कायमचा बसतो, आणि पुढल्या वर्षी त्याला आमसभेची सूचना पोचतच नाही.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. १९५६ मध्ये प्रांतरचना झाली, काल-परवापर्यंत आपली राजधानी असलेले नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे मध्यप्रदेशात राहिलो. राज्याच्या मानाने आपण मूठभर. आपणच आपसात भांडलो तर लोक हसतील. हा युक्तिवाद मनाला पटतो, म्हणूनच तो घातक आहे. एकी हवी हे मलाही मान्य आहे. पण हिशेब न विचारण्याच्या बोलीवर टिकलेली एकी म्हणजे चार जणांची सोय आणि बाकीच्यांचे मौन, एवढेच असते.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम., नोकरीला वीस वर्षे होऊन गेली. आमच्याकडे संध्याकाळी कॅश शंभर रुपयांनी जुळली नाही तरी कुणी घरी जात नाही. व्हाउचरे पुन्हा काढतात, नोटा पुन्हा मोजतात. त्या वेळी कॅशियरला कुणी चोर म्हणत नाही आणि कॅशियरही रागावत नाही. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, हा तिथला रोजचा रिवाज. माणसावर अविश्वास म्हणून तो रिवाज नाही. माणूस चुकतो, थकतो, कधी मोहात पडतो, म्हणून आहे. आपल्या मंडळांत नेमके हेच नसते. नोंद करणारा, मंजूर करणारा आणि पैसे ठेवणारा असे तिघे मिळून एकच काकाजी असतात.

यात नुकसान कुणाचे होते? एक अनुभव सांगतो. आपल्याच भागातील एका मंडळाचे कोषाध्यक्ष कित्येक वर्षे मंडळाचा पैसा स्वतःच्या बचत खात्यात ठेवत. माणूस सचोटीचा, पदरचे घालून कार्यक्रम करणारा. मंडळाच्या नावाने खाते काढायला ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते, आणि बैठक काही होत नाही, म्हणून तसेच चालले. एके दिवशी ते अचानक वारले. खात्यात शिल्लक होती, पण तिच्यात मंडळाचे किती आणि घरचे किती, हे सांगणारा कागद नव्हता. वारस म्हणून पैसा त्यांच्या पत्नीच्या नावे झाला. तेरावे होताच मंडळाचे लोक घरी गेले. त्या माउलीने जे मागितले ते देऊन टाकले. तरीही गावात कुजबुज राहिलीच. आयुष्यभर प्रामाणिक राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे संशय उरला, कारण जिवंतपणी त्यांना कुणी हिशेब मागितला नव्हता. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. हिशेबाची वही प्रामाणिक माणसाची ढाल असते. ती नको म्हणणारा आपलेच नुकसान करून घेतो.

मोठ्या संस्थांत हेच मोठ्या आकड्यांत घडते. लांब जायला नको. सौंसरहून नागपूरला जाताना वाटेत सावनेर लागते. त्या सबंध जिल्ह्यातील कास्तकारांची बँक म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. मालक कोण, तर सभासद संस्था आणि त्यांच्यामागचे शेतकरी. २००१-०२ मध्ये या बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत सव्वाशे कोटींच्या घरातली रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवल्याचे कागदावर दाखवले गेले. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत आणि पैसाही परत आला नाही. होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान दिसत होते, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागला नाही. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही याच कंपनीच्या व्यवहारात पोळल्या. २००२ मध्ये गुन्हा दाखल झाला. निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि तेव्हाचे सावनेरचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि केदारांची आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला, हेही नमूद केले पाहिजे.

दोषी कोण हे ठरवणे कोर्टाचे काम. सभासद म्हणून मला त्यात दुसरेच दिसते. "रोखे घेतले म्हणता, ते कुठे आहेत, दाखवा" हा एकच प्रश्न वेळेवर कुणी रेटून धरला असता तर? तो विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. दलालाची चिठ्ठी म्हणजे रोखा नव्हे, हे नवा कारकूनही जाणतो.

आता खेळाच्या संस्थांचे पाहा. भारतीय क्रिकेट मंडळ हीदेखील आपल्या मंडळांसारखीच सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था, फक्त पैसा अफाट. पदे वर्षानुवर्षे त्याच घरांत, हिशेब बंद कपाटात, अशी तक्रार होत राहिली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्ती लोढा यांची समिती नेमली. समितीने सांगितलेली औषधे अगदी साधी आहेत. पदाला मुदत, दोन मुदतींमध्ये विश्रांती, सत्तरीनंतर निवृत्ती, मंत्र्यांना पद नाही आणि कारभारात महालेखापरीक्षकांचा एक प्रतिनिधी. जुलै २०१६ मध्ये कोर्टाने यातील बहुतेक शिफारशी मान्य केल्या. मंडळाने टाळाटाळ केली, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्ष आणि सचिव दोघांनाही पदावरून दूर केले. पुढे २०१८ आणि २०२२ मध्ये काही अटी सैल झाल्या, ही गोष्ट वेगळी.

यात नागपूरकरांची एक चांगली आठवणही आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये नागपूरचे वकील शशांक मनोहर दुसऱ्यांदा मंडळाचे अध्यक्ष झाले. पंचवीस लाखांवरचा प्रत्येक खर्च संकेतस्थळावर लोकांसमोर ठेवू, असे त्यांनी जाहीर केले आणि तशी सुरुवातही केली. त्यामुळे मंडळ बुडाले नाही की खेळ थांबला नाही. एवढे मोठे मंडळ पंचवीस लाखांचा खर्च जगापुढे मांडू शकते, तर आपण पंचवीस हजारांचा खर्च सूचनाफलकावर का लावू नये?

कायदा आपल्या बाजूने आहे. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ नुसार नोंदलेल्या संस्थेने दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब रजिस्ट्रारकडे द्यायचे असतात. एक तृतीयांश सभासदांनी अर्ज केला तर कलम ३२ खाली चौकशी करावीच लागते. पण हा शेवटचा मार्ग. रजिस्ट्रारच्या दारात जाण्यापूर्वी घरात बोलता आले पाहिजे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला किंवा मंडळाच्या भिशीला तो नाही. तिथे सभासदाची जागरूकता हाच विमा.

म्हणून येत्या आमसभेसाठी माझ्या पाच सूचना आहेत. खाते मंडळाच्याच नावाने असावे आणि चेकवर दोन सह्या असाव्यात. वर्गणीची पावती पुस्तके क्रमांकवार असावीत आणि उरलेली पुस्तके परत घ्यावीत. जमाखर्च आणि ताळेबंद आमसभेच्या पंधरा दिवस आधी फलकावर लावावा. तपासनीस कार्यकारिणीचा किंवा तिच्या नात्यातला नसावा. आणि कोषाध्यक्षाला सलग दोन मुदतींनंतर सन्मानाने मोकळे करावे.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. रस्त्याचा निधी कुठे गेला, शाळेचे पैसे कुठे अडले, हे आता आपण अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना जवळून विचारू शकतो आणि विचारलेच पाहिजे. पण "आधी तुमच्या मंडळाचा ताळेबंद दाखवा" असे कुणी उलट म्हटले, तर आपल्याजवळ दाखवायला कागद हवा. या वर्षी पोळा झाला की गणपतीची वर्गणी सुरू होईल. पहिली पावती फाडण्यापूर्वी गेल्या वर्षीचा हिशेब मागा. न रागावता मागा, पण चहा येण्याआधी मागा.