पोच घेतली का?

या आठवड्याच्या व्हिडिओत डिलिव्हरीच्या सहीबद्दल मी दोनच मिनिटं बोललो. विषय तेवढ्यात बसणारा नाही, म्हणून इथं लिहितोय. माझे पैसे बुडालेत यात.

माझं मुरुडात तिखट-मसाल्याचं छोटं युनिट होतं. लातूरला ट्यूशनच्या भागातली एक मेस हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एकदा 40 किलो तिखट आणि 20 किलो मसाला टमटमनं पाठवला. बिल 18,400 रुपये. संध्याकाळी पोरगा परत आला. मी विचारलं, ‘पोच घेतली का?’ तो म्हणाला, ‘घेतली की, भाऊ.’ चलनावर खाली एक गिचमिड रेघ होती. नाव नाही, तारीख नाही. मीही ते चलन खिळ्याला अडकवून मोकळा झालो.

दोन महिन्यांनी पैसे मागायला गेलो, तर मालक शांतपणे म्हणाले, ‘ही सही आमच्या कुणाचीच नाही. आणि मसाला आलाच नव्हता, नुसतं तिखट आलं होतं.’ पोरानं सही आचाऱ्याची घेतली होती, आणि तो आचारी तोवर काम सोडून गावाकडं गेलेला. मसाल्याचे 8,000 गेले ते गेलेच. मी ते पोराच्या पगारातून कापायला निघालो होतो. आईनं अडवलं. म्हणाली, ‘सही कशी घ्यायची ते तू त्याला शिकवलं होतंस का?’ नव्हतं शिकवलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. सही चुकली तर त्यात पोराचा दोष चार आणे, मालकाचा बारा आणे.

आपल्याच मार्केट यार्डात जाऊन बघा. ट्रकवाल्याला भाड्याचा काही भाग आधी मिळतो आणि उरलेलं भाडं पोच परत आली की मिळतं. म्हणून ड्रायव्हर तिकडच्या गोदामाबाहेर रात्रभर थांबेल, पण शिक्का आणि सही घेतल्याशिवाय गाडी हलवणार नाही. पोतं फाटलं, ओलं झालं, एखादं कमी भरलं, तर तेही पोचवरच लिहिलं जातं. त्या कागदात त्याचा स्वतःचा पैसा अडकलाय, म्हणून तो जपतो. उलट पार्सलवाल्या पोराचं बघा. पार्सलमागं ठरलेले पैसे, दिवसभरात सगळी बॅग रिकामी करायची, प्रत्येक दाराशी एखाद-दोन मिनिटं. तो मोबाईलच्या काचेवर स्वतःच बोट फिरवून पुढं जाणार नाही तर काय करणार? 2020 मध्ये कोरोनामुळं बऱ्याच कंपन्यांनी हातात हात नको म्हणून सही घेणं थांबवलं, दाराशी ठेवलेल्या पार्सलचा फोटो आणि ओटीपी यावर काम चालू झालं. सवय लागली ती लागलीच.

आता बरेच जण म्हणतील, सर, ओटीपी आहे ना. आहे, पण आपल्याकडं त्याची गंमत वेगळीच. ऑर्डर टाकतो पुण्यातला मुलगा, पार्सल येतं मुरुडात आईकडं, आणि ओटीपी जातो मुलाच्या मोबाईलवर. तो मीटिंगमध्ये. वर बँक रोज सांगते ओटीपी कुणाला देऊ नका, म्हणून मावशी दारातल्या पोराकडंच चोर असल्यासारखं बघतात. त्यांचं तरी काय चुकलं? आणि मुख्य म्हणजे, ओटीपी एवढंच सांगतो की त्या नंबरवाल्यानं होकार दिला. डब्बे दहा आले की आठ, हे तो सांगत नाही.

पोस्टानं हा फरक चांगला ओळखलाय. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या नव्या दरात दोन सोयी वेगवेगळ्या ठेवल्यात. ‘रजिस्ट्रेशन’ घेतलं तर पत्र त्याच माणसाच्या किंवा त्यानं नेमलेल्याच्या हातात पडतं, आणि ओटीपी डिलिव्हरी वेगळी. प्रत्येकी 5 रुपये आणि वर जीएसटी. माणूस कोण आणि नंबर कुणाचा, हे दोन प्रश्न आहेत, असं सरकारी खातंसुद्धा मानतं.

म्हणून छोट्या धंद्याला मी अजूनही कार्बनचं चलन बुकच सांगतो. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, मालकाशी नातं किंवा काम, मोबाईल नंबर, नगांची संख्या अक्षरी, आणि तारीख. तारीख त्यांच्याच हातानं. लिहिता येत नसेल तर नि.डा.अं. घ्या, शेजारी नाव लिहा, आणि जवळ उभ्या असलेल्या एखाद्याची साक्ष. यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्या आजोबांनी सगळे व्यवहार असेच केले.

तारखेवर मी एवढा का अडून बसतो? 2006 च्या एमएसएमई कायद्यात पैसे देण्याची मुदत मालाच्या डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात. लेखी करार नसेल तर 15 दिवस, करार असला तरी 45 दिवसांपलीकडं नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती घेणाऱ्यानंही 15 दिवसांत लेखी करायची असते. (हा फायदा माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना, तोही उद्यम नोंदणी असेल तर. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही.) आणि उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर मालाच्या पैशाचा दावा करायला डिलिव्हरीपासून 3 वर्षं असतात. तारीखच नसेल तर मोजायचं कुठून?

‘पण सर, आपल्याच माणसाकडं सही कशी मागायची? त्याला वाटेल विश्वास नाही.’ हे मला प्रत्येक बॅचला ऐकावं लागतं. अडचण खरी आहे. गावात सगळेच काका, दादा, सोयरे. पण मागायची पद्धत बदला. पोरांना मी हे वाक्य पाठ करायला लावतो: ‘काका, आधी मोजून घ्या, काही कमी असलं तर इथंच लिहा, मग सही करा.’ कमी आलं तर तुमच्याशी भांडायला त्यांच्याही हातात कागद राहतो, हे कळलं की कुणी रागावत नाही. एवढ्या वर्षांत फार तर दोघं रागावले असतील. दोघांकडंही माझी उधारी थकलेली होती.

आता लातूरला दुसऱ्या एका मेसला माल जातो. मागच्या महिन्यात तिथल्या मावशींनी चलनावर लिहून पाठवलं, ‘मसाला 2 किलो कमी.’ पोरगा म्हणाला, भाऊ, मी बरोबर दिलाय. टमटम झाडली, तर सीटच्या मागं दोन पुडे सापडले.