शॅडो टीचर मधल्या सुट्टीत कुठे असते?

1. स्वमग्न मुलाला नेहमीच्या शाळेत घालायचे ते चार मुलांत मिसळावे म्हणून. पाढे तर घरीही पाठ होतात. तरी वर्गातल्या मदतनीस ताईचे, म्हणजे पालकांच्या भाषेत शॅडो टीचरचे, काम आपण वही पूर्ण झाली का यावर मोजतो.

2. अशा मुलाला सगळ्यात अवघड जाते ती मधली सुट्टी. तासाला निदान फळा आणि वेळापत्रक असते. मैदानावर राज्य कोणावर, टाइमप्लीज कधी चालते, हे सगळे आयत्या वेळी ठरते. नेमकी तेव्हाच ताई डबा खायला गेलेली असते, नाहीतर मुलाला घेऊन रिकाम्या वर्गात बसलेली. तिने आपला डबा नंतर खावा, शाळेने तिला तशी वेळ द्यावी. खेळाचे नियम आधी चित्रांतून समजवावेत, ‘मला घ्याल का?’ हे वाक्य घोटून घ्यावे आणि मुलाचा डाव आला की बाजूला व्हावे. (लिंबूटिंबू म्हणून घेतलेले मूल खेळात धरले जात नाही, हे मुलांना कळते, मोठ्यांना उशिरा.)

3. ताई सतत खेटून बसली की वर्गमित्र तिच्याशीच बोलतात: ‘ताई, याला खडू हवाय का?’ तिचे उत्तर एकच असावे: ‘त्यालाच विचार.’ मोठ्या माणसाच्या अति जवळिकीने मूल वर्गापासून तुटते, हे अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्येच दाखवले होते.

4. शिकवायचे ते वर्गालाही. कॉनी कसारी यांच्या 2012 च्या अभ्यासात 60 स्वमग्न मुले होती. जिथे वर्गमित्रांना सोबत कशी करायची ते शिकवले, तिथे मुलांची मैत्री जास्त वाढली. नुसते त्या मुलाला एकट्याला शिकवून तेवढी वाढली नाही.

5. आता पैशांचे. ‘शॅडो तुम्हीच आणा’ असे अनेक खासगी शाळा सांगतात. पगार पालकांचा, म्हणून ताई पालकांना बांधील. आणि बाईंना वाटते, हे मूल ताईचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चे कलम 16 सरकारमान्य शाळांनाही लागू आहे, आणि त्यात अभ्यासाबरोबर सामाजिक विकासासाठीही आधार देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. तेव्हा ताईची नेमणूक शाळेने करावी, तिला प्रशिक्षण द्यावे, आणि सरकारने अनुदानात तिचा पगार धरावा.

6. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते हवेच. पण दहा मुले दहा वर्गांत विखुरलेली असली, तर त्या शिक्षकाने मधली सुट्टी कुठल्या मुलाजवळ काढायची?