पुस्तके परत आली. वाचक कोठे आहे?

बालपणीची पुस्तके मोठेपणी पुन्हा जमवण्याचा छंद आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही दिसू लागला आहे. कोणी ‘चांदोबा’चे जुने अंक शोधतो, कोणी ‘किशोर’चे, तर कोणी भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची मालिका पुरी करतो. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ रद्दीवाल्याच्या दुकानात उकिडवा बसून जुनी मुखपृष्ठे चाळताना दिसला, तर त्याला हसण्याचे कारण नाही. ज्या पानांनी आपल्याला घडवले त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगणे हा सद्गुणच होय. आमचे भांडण त्या कृतज्ञतेशी नसून, तिला कुलूप लावणाऱ्या काचेच्या कपाटाशी आहे.

ही पुस्तके मुळात हरवली कशी, हे कुंभवली-बोईसर परिसरातील रहिवाशांना वेगळे सांगायला नको. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि पाळीच्या नोकरीसाठी ठिकठिकाणची कॅथलिक कुटुंबे इकडे येऊन राहिली. गावाकडचे ऐसपैस घर सुटले, हाती दोन खोल्या आल्या. त्यांत भांडी मावली, गाद्या मावल्या, भिंतीवर प्रभूची तसबीर लागली. पुस्तकांची पेटी मात्र गावच्या माळ्यावरच राहिली. तेथे दमट हवेने, कसरीने आणि वाळवीने आपले काम चोख केले. उरलेसुरले रद्दीच्या तराजूत गेले. आज चार पैसे गाठीला आल्यावर ती परत आणावीशी वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु घरी परत काय येते? पुस्तक येते, वाचक येत नाही. त्याच घरातील मूल इंग्रजी शाळेत जाते, इमारतीखाली हिंदीत खेळते आणि आजीच्या तोंडून वसईची बोली किंवा कोंकणी ऐकते. मराठी त्याच्यासाठी उत्तीर्ण होण्यापुरता विषय. राज्य शासनाने २०२० साली कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण कायदा प्रश्नपत्रिका लिहून घेऊ शकतो, गोष्टीची गोडी लावू शकत नाही. ती घरातच लागते. आणि घरात वडील काय सांगतात? “हात लावू नकोस, पाने सुटतील.” मूल ही आज्ञा आनंदाने पाळते, कारण ते पुस्तक त्याला वाचताच येत नाही! पाहुण्यांना दाखवायला बालपण आहे. पोराला द्यायला नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: इंग्रजीवर पोट भरते. इंग्रजी सोडा असे आम्ही म्हणतच नाही. परंतु आमचा प्रश्न सरळ आहे. आपण मिस्सा मराठीत ऐकतो, प्रार्थना मराठीत म्हणतो, मृतांना निरोप मराठीत देतो. ज्या मुलाला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे एक पान अडखळल्यावाचून वाचता येत नाही, ते उद्या वेदीपाशी उभे राहून यशया संदेष्ट्याचे वाचन कसे करणार? रोमन लिपीत लिहून घेऊन? तसे झाले तर तो दोष मुलाचा नव्हे, कपाटाच्या मालकाचा.

ग्रंथ कशाने टिकतो, हे आपल्याच इतिहासाने दाखवून दिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकभाषा सोडण्याचे फर्मान काढले. तरीही पुराण जगले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत ते वाचले, गायले. त्या हस्तलिखितांवरून जे. एल. सल्ढाना यांनी १९०७ साली रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ साली ते देवनागरीत पुण्याला प्रसिद्ध झाले. छापील प्रती नाहीशा झाल्या, वाचणाऱ्या ओठांनी पुराण राखले.

संग्राहकांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनांनी मराठीत छापलेली बालपुस्तके एके काळी लोकवाङ्मय गृहामार्फत अल्प किमतीत मिळत. नास्तिक राजवटीने छापलेली ती गोजिरी पुस्तके कॅथलिक घरांतही प्रेमाने वाचली गेली. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि तो झरा आटला. लहानपणी ती वाचलेल्या काही मराठी वाचकांनी मोठेपणी ती शोधून काढली, त्यांची नोंद केली, त्यांवर माहितीपटही काढला. याला संग्रह म्हणतात: एकाने जमवावे आणि अनेकांना मिळावे.

बहुतेक पुस्तकांसाठी तर इतकी धडपडही नको. ‘किशोर’ १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. साने गुरुजींच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला, त्यामुळे त्यांची पुस्तके स्वस्तात मिळतात. उणीव आहे ती मुलाला मांडीशी घेऊन बसण्याच्या अर्ध्या तासाची.

धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. त्याने जपून ठेवले, एवढाच त्याचा अपराध होता.

म्हणून धर्मग्रामातील प्रत्येक संग्राहकास आमचे सांगणे आहे. अमुकच मुखपृष्ठ, अमुकच आवृत्ती हा हट्ट सोडा. एक दुर्मिळ प्रत घेण्याऐवजी पाच साध्या प्रती घ्या. रविवारच्या धर्मशिक्षणानंतर चर्चच्या ओसरीवर त्या पेटीतून मांडा, एक वही ठेवा आणि मुलांना घरी नेऊ द्या. रात्री दूरचित्रवाणी बंद करून एक प्रकरण मोठ्याने वाचा. मुलाला शब्द अडला तर थांबून समजावा. पाने सुटतील, डाग पडतील, एखादे पुस्तक परत येणार नाही. न येवो. ज्या घरात ते राहिले, त्या घरात कोणी तरी ते वाचत असेल.