वडिलांची गाडी, आईची वही

मराठी स्मरणलेखनात अलीकडे एका नव्या पात्राचा प्रवेश झाला आहे, आणि ते पात्र म्हणजे घरची जुनी मोटार. दिवंगत आई-वडिलांविषयी लिहू पाहणारा लेखक पूर्वी देवघर, झोपाळा, जाते किंवा वडिलांची काठी यांच्या आधाराने लिहीत असे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जन्मलेली पिढी आज आई-वडिलांच्या पश्चात लिहिते आहे, आणि तिच्या लेखनात फियाट, अँबॅसडर, क्वचित स्टँडर्ड हेरल्ड या गाड्या पुन्हा पुन्हा येतात. टीकाकारांना असे लेख सहसा आवडत नाहीत. ‘स्मरणरंजन’ हा एक शब्द उच्चारला की त्यांचे काम संपते. आम्हांला ही घाई योग्य वाटत नाही. या लेखांमागे काही खरे सांगण्याची धडपड असते. ती बहुतेक वेळा अर्ध्यावर का थांबते, हा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. असे काही लिहिण्याची वेळ आमच्यावरही आलेली असल्यामुळे या प्रश्नाकडे आम्ही अगदी तटस्थपणे पाहू शकू, असा आमचा दावा मात्र नाही.

आधी या गाडीची हकीकत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी झालेल्या करारानुसार गाड्या तयार होऊ लागल्या. बंगालमधील उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवरची अँबॅसडर १९५०च्या दशकाच्या अखेरीस निघाली, ती २०१४ पर्यंत निघत राहिली. मद्रासेची हेरल्ड ही तिसरी. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती रस्त्यावर येईपर्यंत मध्यमवर्गीयाची निवड एवढ्यापुरतीच होती. फियाटचे नाव १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाले, पण लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. एकच गाडी तीस-तीस वर्षे जवळजवळ त्याच रूपात निघत राहिल्याने, आणि एका घरात एकच गाडी वीस-पंचवीस वर्षे टिकवावी लागल्याने, तिला कुटुंबातल्या व्यक्तीसारखे वय आले. दर चार-पाच वर्षांनी बदलणाऱ्या आजच्या गाड्यांवर असे लेख लिहिले जातील की नाही, याची आम्हांला शंका आहे. टंचाईने वस्तूला चरित्र दिले, हे या भावुकतेमागचे आर्थिक कारण विसरता येत नाही.

दुसरे कारण रचनेचे आहे. या फियाटच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे आणि पुढचे आसन सलग असे. त्यामुळे पुढे तिघे बसत. बहुधा वडील, आई आणि मध्ये सर्वांत धाकटे मूल. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या वडिलांशी मुलांचे बोलणे समोरासमोर क्वचितच होई. समोर बसवले की ते प्रगतिपुस्तकाविषयीच असायचे. गाडीत मात्र सर्वांची तोंडे एकाच दिशेला असत, वडिलांचे डोळे रस्त्यावर असत आणि त्यामुळे त्यांना बोलता येई. आपण वकील का झालो, आजोबांनी जमीन का विकली, ही वाक्ये पुष्कळ मुलांनी वडिलांच्या डाव्या खांद्याशी बसून ऐकली आहेत. मुलगा पन्नाशीत वडिलांविषयी लिहायला बसतो तेव्हा त्याला गाडी आठवते, कारण वडील त्याला तेथेच भेटलेले असतात. याला नुसते रंजन म्हणणे अन्यायाचे आहे.

आमच्या घरी १९७२ सालची फियाट होती. वडिलांनी ती १९७७मध्ये कराडला एका डॉक्टरांकडून विकत घेतली. रंग फिकट निळा. हिवाळ्यात चोक ओढल्यावाचून ती सुरू होत नसे. आईचे माहेर चिपळूणचे, त्यामुळे दर उन्हाळ्यात कुंभार्ली घाट ठरलेला. उतरताना गाडी शहाण्यासारखी वागे. परतीला पोफळी सोडून चढण लागली की रेडिएटर उकळायचा. मग वडाच्या सावलीत थांबणे, बॉनेट वर करणे, ओला फडका, आणि झाकण निवेपर्यंत कोणीही जवळ जायचे नाही, ही आज्ञा. त्या अर्ध्या तासात वडिलांनी आम्हांला त्रिकोणमितीपासून खटल्याच्या उलटतपासणीपर्यंत पुष्कळ काही सांगितले. हे सर्व आम्ही आनंदाने आठवतो, आणि असेच लिहीत गेलो तर एक बरा लेख तयार होईल, हेही आम्हांला ठाऊक आहे.

परंतु अशा लेखांची एक ठरीव चाल झाली आहे, आणि आमचा आक्षेप त्या चालीवर आहे. तिच्यात गाडी वडिलांची असते. वडील चालवतात, वडील दुरुस्त करतात, वडील बोलतात. आई डबा भरते. पुऱ्या, बटाट्याची भाजी, उलटी होऊ नये म्हणून आवळासुपारी, एवढे झाले की ती लेखातून उतरते. मराठी स्मरणलेखनाचा इतिहास पाहता हे विपरीत आहे. १९३५च्या ‘श्यामची आई’ने आईला मराठी मनात जे स्थान दिले त्यात वडील बाजूला राहिले. त्यांच्यावर प्रेमाने लिहिण्याची वाट जणू पुढच्या लेखकांना सापडत नव्हती. गाडीने ती वाट दिली, हे चांगलेच झाले. पण त्या वाटेवर आई हरवली. आईवर लिहायचे तर पूजा आणि वडिलांवर लिहायचे तर प्रवास, अशी वाटणी होऊन बसली. दोघे एकाच आसनावर शेजारी बसलेले होते, हे साधे दृश्य लिहायचे राहूनच जाते.

याउलट आपल्या परंपरेतच दुसरे उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या मोठेपणाला कोठेही कमी लेखलेले नाही, पण त्याच्या लहरींमुळे घरात कोणाची किती ओढाताण झाली याचाही हिशेब आहे. तो हिशेब हसत मांडलेला असल्यामुळे रेव्हरंड टिळक आपल्याला अधिक आवडू लागतात. प्रेम आणि हिशेब यांचे वैर नसते, हे त्या पुस्तकाने केव्हाच दाखवून दिले आहे.

हिशेब हा शब्द आम्ही येथे शब्दशः वापरतो आहोत. आमच्या गाडीची एक वही होती, आणि ती आईच्या अक्षरात आहे. १९७७ ते २००१ या काळातली ही लाल पुठ्ठ्याची वही आज आमच्याकडे आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, पैसे. अधूनमधून शेरे: ‘फॅन बेल्ट तुटला, साडीच्या काठाने भागवले.’ ‘घाटात पाणी दोनदा. गुराख्याच्या घरून कळशी. पोराला खाऊचे पैसे.’ ‘रिंग-पिस्टन बदलले. या महिन्यात पडदे नाहीत.’ ज्या वडाखाली वडील आम्हांला त्रिकोणमिती सांगत होते, त्या वेळी आई कोठे होती, याचे उत्तर या वहीत आहे. ती कळशी घेऊन गुराख्याच्या घरी गेलेली होती. आमच्या आठवणीतली सावली खरी आहे आणि वहीतले पाणीही खरे आहे. लेखाला दोन्ही लागतात.

वहीतली एक नोंद मे १९८४ची आहे. चिपळूणला विहिरीच्या काठावर पाय घसरून वडिलांचा उजवा हात मोडला होता. दुसऱ्या दिवशी कराडच्या न्यायालयात त्यांची तारीख होती. आईने दोन वर्षांपूर्वी मोटार शिकवणीला जाऊन परवाना काढला होता, पण गावातल्या बाजारापलीकडे तिने गाडी कधी नेली नव्हती. त्या दिवशी घाट तिने चढवला. वडील पहिल्या दोन वळणांना सूचना देत होते. तिसऱ्या वळणापासून ते गप्प झाले, आणि त्यांना इतके गप्प बसलेले आम्ही त्यापूर्वी गाडीत पाहिले नव्हते. वहीतली नोंद अशी आहे: ‘पेट्रोल १५ लिटर. घाट. गाडी नीट चालली.’ गाडी चालली. कोणी चालवली, हे लिहिण्याची तिला गरज वाटली नाही, की रीत वाटली नाही, हे आता विचारता येत नाही. वडिलांनी पाहुण्यांना सांगितलेल्या घाटाच्या अनेक गोष्टींत ही गोष्ट कधी आली नाही. परंतु ते गेल्यावर त्यांच्या जुन्या डायऱ्या चाळताना एक गोष्ट आढळली. त्या वर्षापासून आईच्या परवान्याची मुदत संपण्याची तारीख त्यांनी दर वेळी आपल्या हाताने, खटल्यांच्या तारखांच्या रांगेत, लिहून ठेवलेली आहे. परवाना शेवटपर्यंत चालू होता. जे त्यांना मोठ्याने सांगता आले नाही, ते त्यांनी दिनदर्शिकेत सांभाळले. वडिलांवर लेख लिहायचा तर या तारखांवर लिहावा, असे आम्हांला वाटते.

आणखी एका हिशेबाकडे लक्ष वेधले पाहिजे. ‘आमच्या लहानपणी फियाट होती’ या वाक्यातला ‘आम्ही’ फार लहान आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त, म्हणजे १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे. आमच्या फियाटने ज्या रस्त्याच्या कडेने वळण घेतले असेल त्याच रस्त्याच्या कडेने ते बिऱ्हाड चालत गेले असेल. याचा अर्थ फियाटवर लिहू नये असा नाही. वहीतला गुराखी, त्याची कळशी आणि खाऊचे पैसे घेणारा पोरगा यांना लेखात जागा असावी, एवढाच आहे. मुंबईत तर हीच पद्मिनी काळ्या-पिवळ्या रंगात हजारो घरांची चूल चालवीत होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, तेव्हा प्रवाशांनी हळहळून लिहिले. चालकांनी त्या मानाने फारच थोडे लिहिले. ऋत्विक घटकांनी १९५८च्या ‘अजांत्रिक’मध्ये मोडक्या शेवरोलेटवर जीव लावणारा टॅक्सीवाला दाखवला. सुबोध घोषांच्या कथेवरचा तो चित्रपट. तेथे गाडी हेच कुटुंब आहे, आणि ती भंगारात जाते तेव्हा प्रेक्षक हसत नाही. असे काम मराठीत व्हायचे आहे.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९५७च्या ‘मिथोलॉजीज’मध्ये त्यांनी सिट्रोएनच्या नव्या मोटारीला मध्ययुगीन कॅथीड्रलांच्या पंगतीत बसवले आणि समाज वस्तूंची दैवते कशी घडवतो ते उलगडले. तेच बार्थ आईच्या निधनानंतर १९८०मध्ये छायाचित्रावरचे पुस्तक लिहितात, तेव्हा आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने लिहूनही ते छायाचित्र पुस्तकात छापत नाहीत. इतरांना ते कोणत्याही जुन्या छायाचित्रासारखेच दिसेल, हे ते जाणून आहेत. मोटारीचे दैवत झालेले ओळखण्याची नजर आणि आपले दुःख दुसऱ्याला जसेच्या तसे देता येत नाही याची जाण, या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाजवळ होत्या. आमच्या स्मरणलेखकांकडून आम्ही या दोहोंची अपेक्षा करतो. निळ्या फियाटचे चमकदार छायाचित्र लेखाशेजारी छापल्याने वाचकाला आमचे वडील भेटत नाहीत. पडदे न घेतलेला महिना त्याला कळतो, कारण तसे महिने त्याच्याही घरी असतात.

२०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्या अटी वाचनीय आहेत. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत आणि ती रोजच्या वापरात नसावी. प्रदर्शन, मिरवणूक यांपुरती ती रस्त्यावर यावी. गाड्यांच्या जतनासाठी हे नियम रास्तच आहेत. आठवणींच्या जतनासाठी मात्र आपण नकळत हेच नियम लावतो, आणि तेथे ते घातक ठरतात. जी गाडी चालते ती मूळ रूपात राहत नाही. आमच्या फियाटचे पिस्टन, रेडिएटर, आसनांची खोळ, रंगसुद्धा पुढे बदलला. आई-वडीलही प्रत्येक वर्षी थोडे बदलले. त्यांना १९७७च्या रूपात झळाळी देऊन उभे करणे म्हणजे पुढची चाळीस वर्षे त्यांच्याकडून काढून घेणे होय.

वडील २०१६मध्ये गेले, आई २०१९मध्ये. २०२२मध्ये गाडीने पन्नाशी गाठली, तेव्हा आम्हां भावंडांपुढे त्या वेगळ्या नोंदणीचा पर्याय होता. आम्ही तो घेतला नाही. ज्या मेस्त्रींनी तिचे इंजिन दोनदा उतरवले होते त्यांच्या मुलाने ती सुट्या भागांसाठी मागितली, आणि आम्ही दिली. तिचे काही भाग आज दुसऱ्या कोणाच्या फियाटमध्ये चालत असतील. वही आम्ही ठेवली आहे, आणि डायऱ्याही. जुन्या गाडीवर लिहू इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू: गाडीच्या छायाचित्राआधी घरातली अशी वही शोधा, आणि ती कोणाच्या अक्षरात आहे ते पाहा.