आधी दगड रोवा, मग नोटीस काढा!

पोस्ट लांब आहे, पण धरणाकाठी ज्याचं वावर आहे त्यानं शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका धरणाच्या काठानं फिरलो. एका कास्तकारानं ढोरांसाठी चार पत्रे टाकलेत. 'पाण्याजवळ बांधकाम करता काय, काढा,' अशी त्याला तंबी मिळाली. तिथून हाकेच्या अंतरावर शहरातल्या एका पाहुण्याचं फार्महाऊस. पाण्याच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा, छत्री, झोपाळे, तंबू. शनिवारी डीजे. त्याला कुणी काही बोललं नाही, कारण म्हणे ते 'तात्पुरतं' आहे!

मी एकच प्रश्न विचारला, हद्द कुठं आहे? कास्तकाराला माहीत नाही. फार्महाऊसच्या रखवालदाराला माहीत नाही. साहेब म्हणाले, 'नकाशात आहे.'

नकाशात असून काय उपयोग? नियम तसे आहेत. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम नाही. पाणथळ जागांचे 2017 चे नियम तर सरासरी उच्चतम पूरपातळीपासून 50 मीटरपर्यंत पक्कं बांधकाम करू देत नाहीत. पण त्यात मेख आहे. सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांतून वगळलेत. म्हणजे अधरपूससारखी आपली धरणं त्यातून बाहेरच!

नागपूरच्या फुटाळा तलावाचं हेच झालं. तलाव मानवनिर्मित, म्हणून या नियमांत बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं. पण त्याच निकालात हेही सांगितलं, की मानवनिर्मित तलाव झाला तरी ती जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचं राखणदार आहे. आपल्याकडचे लोक निकालाचा पहिला अर्धा भाग तेवढा वाचतात.

हद्द जमिनीवर दिसत नसली की काय होतं ते चिखलीवाल्यांना विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले 17 मे 2025 ला जेसीबीनं पाडले. आयुष्याची कमाई एका दिवसात माती झाली. प्लॉट विकले जात होते तेव्हाच रेषेवर दगड असते तर?

आणि आपण 22 जुलै 2023 विसरलो का? आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. पुराला एनएचा कागद दाखवता येत नाही, भाऊ.

काही जण म्हणतील, हा पत्रकार पर्यटनाला आडवा येतो. अजिबात नाही. कृषी पर्यटनाचं धोरण राज्यात 2020 पासून आहे. हुरडा पार्टी करा, मचाण बांधा, पोरांना रोजगार द्या. पण हद्दीच्या वर. ज्यांची वावरं या धरणांत बुडाली त्यांना गाळपेराच्या तुकड्यासाठी अर्ज करत फिरावं लागतं, आणि पैसेवाल्यानं काठावर फुकट ओटा बांधावा, हा कोणता न्याय?

मागण्या तीनच आहेत. धरणाच्या वरच्या बाजूला संपादनाच्या हद्दीवर आणि खाली निळ्या-लाल रेषेवर दगड रोवा. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. 'तात्पुरतं' म्हणजे काय ते लेखी सांगा. माझ्या मते सिमेंट ओतलं, शौचखड्डा खणला की ते पक्कं. हे होईपर्यंत गोठ्याला नोटीस नको आणि फार्महाऊसला नवी परवानगीही नको.

नुसतं लाईक करून जाऊ नका. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लागतं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज लिहायला जमत नसेल तर माझ्याकडे या. चहा माझ्याकडून.