'शिंगरूं' या शब्दाविषयीं

गाईचें वासरूं, म्हशीचें रेडकूं, शेळीचें करडूं हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागत नाहीं. घोडीच्या पिलास काय म्हणतात असें विचारलें म्हणजे मात्र वर्ग स्तब्ध होतो. कोणी 'बछडा' म्हणतो, कोणी 'तट्टू'. दोन्ही उत्तरें चुकीचीं होत. बछडा हा हिंदींत गाईचा. वर्तमानपत्रांनीं तो वाघिणीच्या पदरीं बांधला. तट्टू ठेंगणें खरें, पण वयानें तें पुरतें घोडेंच असतें. खरा शब्द 'शिंगरूं'. शिंग नसलेल्या प्राण्यास हें नांव कसें, ही मुलांची शंका आम्हांस मोठी गोड वाटते! गाढवीच्या पिलासही हाच शब्द चालतो. मराठी बायबलांत येशू यरुशलेमेंत प्रवेश करतो तो शिंगरावर बसूनच. वासराप्रमाणें 'शिंगराला', 'शिंगरें' अशीं त्याचीं रूपें होतात. 'शिंगरूला' म्हणूं नये.

1803 सालीं शिंदे-भोसल्यांचें घोडदळ इंग्रजांशीं लढलें तें असई आपल्या सिल्लोडाहून फार दूर नव्हे. या मुलखांत घोडें दारीं होतें तोंवर शब्दही तोंडीं होता. आतां दारीं मोटारसायकल आली, तेव्हां शब्द गेला तर काय बिघडलें, असें कित्येक पालक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. 'घोडी मेली ओझ्यानें, शिंगरूं मेलें हेलपाट्यानें' ही म्हण शब्दाबरोबर जाईल, आणि तिची गरज तर आजही आहे. शिंगराच्या पाठीवर कांहींच लादलेलें नसतें. तें आईच्या मागें नुसतें जातें, येतें, आणि तेवढ्यानेंच थकून मरतें.

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. कोयता आईबापांच्या हातीं. मूल केवळ बरोबर असतें. त्याचें नांव हजेरीपटावर राहतें, वर्ष मात्र बुडतें. 2009 च्या कायद्यानें 6 ते 14 वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. परंतु फडावरील पाचटांत बसलेल्या मुलास त्या हक्काचा काय उपयोग? मूल मागें ठेवणें आईच्या जिवावर येतें, हें आम्ही जाणतों. तरीही आमचें म्हणणें असें कीं, घरीं आजी असेल तर मूल तिच्यापाशीं ठेवावें. नसेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करण्यास मुख्याध्यापकांकडे यावें. मात्र मुकादमाची गाडी दारीं उभी राहिल्यावर नव्हे, दसऱ्यापूर्वींच यावें.